खुणांची उंची

"खेळणार कोण?" खेळाच्या सामानाच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, आणि बाईंच्या तोंडून "मी" असं निघून गेलं.

खरं तर "नातीसाठी हवीय" असं सांगायचं ठरलं होतं. येताना वाटेत त्यांनी ते मनात घोकलंही होतं. प्रश्नही साधाच होता. लहान मुलांची बॅट हलकी असते, मोठ्यांची जड, म्हणून त्याने विचारलं. पण तो "मी" असा बाहेर पडला की जणू कुणी आतून दाराला धक्का दिला आणि ते नुसतं लोटलेलंच होतं. दुकानदाराने बाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग हातातल्या काठीकडे पाहिलं, आणि टेबल टेनिसच्या मोठ्यांच्या बॅटांचा एक जोड काउंटरवर ठेवला. बाईंनी एक बॅट उचलून नाकाशी नेली. रबराचा वास आला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चोरी करताना पकडल्यासारखं वाटत होतं आणि तरी हसू आवरत नव्हतं. घरी जाताना पिशवीतल्या बॅटा एकमेकींवर टकटक आपटत होत्या, आणि त्या तालावर चालता चालता बाईंच्या लक्षात आलं की आपण काठी टेकत नाही आहोत, नुसती हातात धरून चाललो आहोत. मी. मी खेळणार. जन्मभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं, मैदानावर शिट्टी वाजवली. शिट्टीच्या पत्र्याची ती खारट, थंड चव अजून जिभेवर आहे. रेघ आखून दिली, भांडणं सोडवली, रडणाऱ्याचे गुडघे धुतले, जिंकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. शिट्टी तोंडात असलेल्या माणसाला खेळणार का म्हणून कोण विचारणार? त्याला बोलताच येत नाही.

घरातली गाडी मुलाने त्याच आठवड्यात विकली होती. त्याच्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली आणि गाडी नुसती उभी राहायला लागली. गाडी गेली त्या दिवशी बाई तळमजल्यावरच्या गाडीच्या रिकाम्या खोलीत सहज डोकावल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. तेलाचा एक काळा डाग, कोपऱ्यात एक फाटकं रबरी पायपुसणं, वर एकुलती एक खिडकी, आणि केवढी तरी जागा! टाळी वाजवली तर भिंतींनी लगेच उत्तर दिलं. वर्ग सुटल्यावर रिकाम्या वर्गातही आवाज असाच परत यायचा, पण त्यात दमणूक असायची. या आवाजात नुकतीच सुरू झालेली सुट्टी होती. रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "खालची खोली मला द्या. मी तिथे करमणुकीची खोली करणार आहे."

मुलाचा घास हातातच राहिला. "कसली खोली?"

"करमणुकीची. टेबल टेनिस, नेम मारायची तबकडी, बुद्धिबळ. बसायला जुना सोफा. भिंती पिवळ्या."

"आई, अगं तिथे मी माझं ऑफिस थाटणार होतो. वर सारखी कुकरची शिट्टी, दाराची घंटा. परवा साहेबांशी बोलताना हिने मागून ओरडून विचारलं, कांदा आणलास का?"

"मग आणला होतास का?" सूनबाईने विचारलं.

"मुद्दा तो नाही!"

"मुद्दा तोच होता."

नात, कॉलेजच्या पहिल्या वर्षातली, इतकी उंच वाढली होती की बाप तिला शिडी म्हणूनच हाक मारायचा, ती खिदळत म्हणाली, "आजीला देऊन टाका ना बाबा. ती एवढं पहिल्यांदाच काहीतरी मागतेय." मुलाने थोडा वेळ भात चिवडला. मनाचा वाईट नव्हता तो. शेवटी म्हणाला, "बरं. पण हौस म्हणून सजवायची आणि कुलूप लावून ठेवायची, असं नको. पुढच्या रविवारी तू म्हणतेस तशी खोली तयार कर. त्यात कुणी खरंच खेळताना दिसलं तर खोली तुझी. नाहीतर सोमवारी माझं टेबल खाली." बाईंनी लगेच मान डोलावली. खरंच खेळताना. किती सोपी अट, असं त्यांना वाटलं, आणि त्याच क्षणी मनात एक बारीकसं कुसळ टोचलं. ते काय होतं हे त्यांना लगेच कळलं नाही.

सुतार दुसऱ्याच दिवशी आला. कधीकाळी बाईंच्या पहिलीच्या वर्गात होता. तेव्हा काडीसारखा बारीक आणि एका जागी न टिकणारा, म्हणून त्याला सगळे मुंगळा म्हणत. आता दारातून आत यायला त्याला थोडं तिरकं व्हावं लागत होतं, मिशा पिकल्या होत्या, हाताखाली माणसं होती, पण बाईंचं काम म्हटल्यावर स्वतः आला आणि चपला दाराबाहेर अगदी जोडून काढून ठेवल्या. "मुंगळ्या, रंगाचा वास फार दिवस राहील का रे?" "नाही बाई." "खिडकीला पडदा निळा लावू की हिरवा?" "तुम्ही सांगाल तो, बाई." बाईंनी आपलं बुटकं स्टूल खाली आणवून घेतलं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेलं, वर्गातलंच. त्यावर बसून त्यांनी किती वर्षं पोरांच्या वह्या पोरांच्या बाकावरच तपासल्या होत्या. आता गुडघे फार वेळ उभं राहू देत नसत, म्हणून स्टुलावर बसायचं, खडू घेऊन भिंतीपाशी सरकायचं आणि खूण करायची. इथे तबकडी. इथे बॅटांसाठी खुंट्या. इथे गुण लिहायला काळा फळा. इथे सूनबाईने दिलेला कपाटाचा जुना आरसा, म्हणजे खोली मोठी दिसेल. हात आपोआप जागा शोधत होता. कुठे थांबायचं ते हाताला ठाऊक होतं, बाईंना विचार करावा लागत नव्हता, आणि खूण झाली की मुंगळा "हो बाई" म्हणून तिथेच भोक पाडत होता. टेबलाच्या बाबतीत मात्र तो जरा घुटमळला. "उंची केवढी ठेवू?" बाईंनी बसल्या जागी हात पुढे केला आणि एखाद्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा तळवा हवेत आडवा धरला. "एवढी." मुंगळ्याने टेप लावली, आकडा पाहिला, बाईंकडे पाहिलं, परत आकडा पाहिला. तोंड उघडलं. "काय रे?" "काही नाही, बाई," तो म्हणाला, आणि करवत उचलली.

करवतीच्या आवाजात, लाकडाच्या गोडसर वासात बाई बसून राहत आणि जुनी जागा आपोआप समोर येत असे. बाईंचे वडील एका कारखान्याच्या क्लबघराचे राखणदार होते. मागच्या खोलीत घर, पुढे मोठा हॉल, हॉलमध्ये हिरवं टेबल. संध्याकाळी साहेब लोक यायचे, बाह्या सरसावायचे. कमरेवर धाकट्या भावाला घेऊन तेव्हाची सहा वर्षांची ती टेबलाच्या टोकाशी उभी. टेबलाची कड बरोबर डोळ्यांसमोर. हिरवा पृष्ठभाग तिला कधी नीट दिसलाच नाही, नुसती जाळीची वरची पांढरी पट्टी आणि तिच्यावरून येणारा-जाणारा चेंडू. यायचा, टप्प! कडेखाली बुडायचा, परत उगवायचा. खेळणारी माणसं फक्त कोपरापासून वर होती. चेंडू खाली पडला की वरून हाक यायची, "ए पोरी, चेंडू!" आणि ती भावाला सावरत सोफ्याखाली, कपाटामागे, पायांच्या जंगलात शिरायची. बाहेर येऊन चेंडू वर धरायची आणि एक मोठा हात तो उचलून न्यायचा. तिला ते आवडायचं. वाईट वाटायचं असं मुळीच नाही. चेंडू हातात असेपर्यंत खेळ थांबलेला असायचा, सगळे तिच्यासाठी थांबलेले असायचे. एकदा हॉल रिकामा असताना टेबलावर एक बॅट विसरलेली सापडली. तिने उचलली. रबराचा वास. मनगट नुसतं फिरवून पाहिलं, एकदाच, आणि कमरेवरच्या भावाने भोकाड पसरलं. बॅट होती तशी ठेवून ती त्याला जोजवत मागच्या दाराने निघून गेली. भाऊ पुढे मोठा झाला, दूरच्या शहरात गेला, आता फोनवर आपल्या पाठदुखीबद्दल बोलतो. त्याला यातलं काही आठवत नाही, आणि का आठवावं? पण मनगटाला आठवतं. इतकी वर्षं ते अर्धवट फिरलेलं मनगट तसंच राहून गेलंय, घास तोंडाशी नेऊन थांबल्यासारखं.

खोलीला रंग लागला तेव्हा तर बाईंचं वय कुणी विचारलं असतं तर त्यांना पटकन सांगता आलं नसतं. पिवळा म्हणजे कसा पिवळा? लिंबासारखा नको, जर्द नको, सकाळी आठच्या उन्हासारखा. रंगाऱ्याने चार वेळा डबा ढवळला आणि हात टेकले. मग बाईंनी स्वतः त्यात थोडा पांढरा, थोडा आणखी पांढरा असं घालत घालत तो आणला. सोफ्याला जाड निळ्या कापडाचं कव्हर चढलं. तेलाच्या डागावर सतरंजी आली. टेबलावर बरोबर मधोमध लोंबणारा दिवा लावला. तो पहिल्यांदा पेटवला तेव्हा उजेडाचा गोल तिथे असा पडला की बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वरच्या मजल्यावरून कुणी खाली यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. दाराला आतून चादर लावली होती. जिन्यावर नातीची पावलं वाजली की बाई ओरडायच्या, "शिडे, एक पायरी जरी उतरलीस तर बघ!" आणि वरून उत्तर यायचं, "आजी, तू खाली बॉम्ब बनवत नाहीयेस ना?"

पण रात्री अंथरुणावर मनातलं ते कुसळ पुन्हा टोचायचं, आणि शनिवारी त्याला नाव सापडलं. खेळतील, सगळे खेळतील. आईचा हिरमोड नको म्हणून मुलगा खेळेल, सून खेळेल, नात तर कॉलेजच्या संघात आहे, ती खेळेलच. आणि मला जिंकू देतील. हे बाईंना कळायला वेळ लागला नाही, कारण जिंकू देण्याची कला त्यांच्याइतकी कुणाला येत होती? किती पोरांना जिंकवलं होतं त्यांनी! श्वास जरासा रोखायचा, बॅट वेळेवर न्यायची पण एक बोटभर बाजूला. आणि मग "अरेच्चा!" म्हणायचं, फार मोठ्याने नाही, नाहीतर कळतं. चुकल्यावर हसायचं नाही, जरासं चिडायचं. पोराच्या चेहऱ्यावर मग जे उजाडायचं त्यासाठी त्या हजारदा चुकल्या असत्या. पोरांना ते लागतंच, वाढायला लागतं, त्यात खोटं काही नाही. पण आपण आता वाढणार नाही. आपल्याला ते उजाडणं नको. आपल्याला तो चेंडू हवाय, जाळीवरून खराखुरा आपल्यावर येणारा, आपल्याला हरवायला निघालेला. कुणी आपल्याविरुद्ध मनापासून खेळलं असं आयुष्यात एकदा तरी व्हावं. एवढंच. पण हे मागायचं कसं? मला हरवा असं कुणाला सांगतात?

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मुंगळाही मुद्दाम आला, धुतलेला शर्ट घालून. बाईंनी चादर ओढली. "या!"

आधी आत शिरला मुलगा, आणि त्याचा पाय टेबलाच्या कडेवर असा आदळला की तो "आई गं!" करून खाली वाकला. मागून सून आली. भिंतीवरचा फळा वाचायला तीही वाकली. मग नात आली, खोलीभर नजर फिरवली, आरशासमोर जाऊन उभी राहिली आणि थोडा वेळ गंभीरपणे बघत म्हणाली, "आजी, हा आरसा फक्त पोटांसाठी आहे का?"

पहिल्यांदा हसली सून. मग मुलगा, गुडघा चोळत. "आई, अगं ही तर बालवाडी झाली! तबकडी बघ, माझ्या मांडीशी. खुंट्या बघ. नेम चुकला तर बाण सरळ गुडघ्यात!" नात सोफ्यावर कोसळली होती. बाई दारातच उभ्या होत्या. उभ्या राहून, पूर्ण उंचीवरून, त्यांनी ती खोली पहिल्यांदाच पाहिली. सगळं खाली होतं. सगळं. दिवा, पडदा जागच्या जागी, पण जे जे हातात घ्यायचं, ज्याच्याशी खेळायचं, ते सगळं एका रेषेत कमरेच्या खाली, कुणी पाण्याची पातळी दाखवावी तसं. ती रेषा त्यांना ओळखीची होती. जन्मभर त्याच रेषेवर चित्रं, अक्षरं, आकडे टाचले होते. सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांची रेषा.

"मुंगळ्या," मुलगा डोळे पुसत म्हणाला, "तू एवढा जुना सुतार, तुला दिसलं नाही का रे?"

"दिसलं की. पहिल्या भोकालाच दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

मुंगळ्याने मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, हात मागे बांधून उभा. "बाईंनी खूण केली होती," तो म्हणाला. "बाईंना कसं सांगणार?"

आता त्यावरही हशा झाला, पण बाईंना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. हाताने कुणासाठी मापं घेतली? या घरात सहा वर्षांचं कोण आहे? उद्या सोमवार. उद्या इथे मुलाचं टेबल येईल, योग्य उंचीचं. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि टेबलाच्या टोकाशी ठेवलेल्या आपल्या बुटक्या स्टुलावर बसल्या. बसल्या, मान वर केली, आणि खोली जागेवर आली. टेबलाची कड छातीशी. हिरवा पृष्ठभाग पुढे पसरलेला, पार पलीकडच्या टोकापर्यंत, पूर्ण, एकही इंच न लपलेला. जाळीची पांढरी पट्टी नजरेच्या थोडी खाली. आरशात त्यांचा स्वतःचा चेहरा, अख्खा. खुंटीवरची बॅट हात लांबवला की हातात. आठवडाभर त्या याच खोलीत होत्या, याच उंचीवर, म्हणून तर काही खटकलं नव्हतं. हाताने चूक केली नव्हती. हात फक्त जास्त जुनं काहीतरी सांगत होता. दुकानात तोंडाने जे सांगितलं तेच. आणि त्यांच्या छातीत असं काही उसळलं की आवाज आपोआप वर्गातला झाला.

"हसून झालं असेल तर खाली बसा सगळे!"

सगळे बसले. मुंगळा सर्वांत आधी. "ही खोली बसून खेळायची आहे," बाई म्हणाल्या. "उभ्याने खेळायला बाहेर जग आहे. शिडे, पलीकडे गुडघ्यांवर ये. बॅट घे."

नातीने सतरंजीची घडी गुडघ्यांखाली घेतली. टेबलापलीकडे तिचं डोकं आता आजीच्या डोक्याबरोबर आलं. बाईंनी चेंडू टाकला. टप्प. गेला! जाळीवरून गेला! नातीने हलकेच परत दिला, बाईंनी मारला, मनगट पूर्ण फिरलं, आणि पलीकडे नातीची बॅट वेळेवर आली, एक बोटभर बाजूला. "अरेच्चा!" नात म्हणाली. जराशी चिडून.

मुलाने टाळ्या वाजवल्या. फळ्यावर आजीच्या नावाखाली एक रेघ आली. मग दुसरी. मग तिसरी. "आजी, तू तर खतरनाक आहेस!" बाईंनी चेंडू हातात धरला आणि थांबल्या. खेळ थांबला. सगळे त्यांच्यासाठी थांबले, आणि त्या नातीकडे बघत राहिल्या. रोखलेला श्वास, बोटभर अंतर, तो मापून घेतलेला वैताग. अगदी आपल्यासारखं. किती छान शिकली आहे पोर. कधी शिकवलं आपण हिला? ही चार वर्षांची असताना, अंगणात, प्लॅस्टिकच्या बॅटीने, रोज. तेव्हा ती बघत होती तर.

"शिडे," बाई हळू म्हणाल्या, "हे मीच तुला शिकवलंय. मला ओळखू येणार नाही का?"

नातीचे कान लाल झाले. "काय ते?"

"चुकायला. फळ्यावरचं पूस आणि खरं खेळ."

"आजी, अगं लागेल तुला. मी स्मॅश मारते तेव्हा मुलंसुद्धा बाजूला होतात."

"लागू दे."

"बाबा, बघा ना हिला!"

मुलगा आईकडे बघत होता. आई स्टुलाच्या कडेवर, पुढे झुकलेली, बॅट मुठीत, डोळे चेंडूवर. असं तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. सर्वांत धाकटी बहीण खेळायला उतरली असावी तसं काहीतरी. त्याने उठून फळा पुसला. "खेळ," तो लेकीला म्हणाला. "आई सांगतेय तसं."

चेंडू आला. तो बाईंना दिसलाच नाही. कानाजवळून नुसता वारा गेला, मागे भिंतीवर टक् असं वाजलं आणि चेंडू टणटणत सोफ्याखाली गेला. मग बाई ओरडल्या, "अगं बाई! हा दिसला सुद्धा नाही!" आणि त्या आवाजात एवढा आनंद होता की सूनबाई दचकली. सोफ्याखाली अर्धा शिरलेल्या मुंगळ्याने चेंडू आणून बाईंच्या हातात दिला. पुन्हा. पुन्हा गेला. तिसरा बाईंच्या बॅटीच्या कडेला लागून छताला भिडला. चौथ्याला त्यांनी परतवलं, कसं ते त्यांनाही कळलं नाही, आणि नात "ओहो!" म्हणत पूर्ण टेबलावर झेपावली, खरीखुरी, घाम आलेली, ओठ चावलेली. तोही गेला. फळ्यावर नातीच्या नावाखाली रेघांचं रान माजलं आणि आजीच्या नावाखाली स्वच्छ काळं राहिलं. शेवटचा चेंडू गेला तेव्हा बाईंनी दोन्ही हात वर केले. "हरले! हरले गं, हरले!" छाती धपापत होती, केस सुटले होते, मनगट दुखत होतं. अख्खं दुखत होतं.

"आता मी," मुलगा गुडघ्यांवर येत म्हणाला. गुडघा दुखावलेला होता तरी. "आणि सोमवारी माझं टेबल वरच राहू दे. इथे आवाज फार असणार."

"तू थांब," बाई म्हणाल्या. "आमचं झालेलं नाही."

"आजी, तू दमली नाहीस?"

"हरणाऱ्याने पुढची सर्व्हिस करायची, असा नियम आहे ना?"

"नाही गं, असा कुठलाच नियम नाही."

"आता आहे," बाई म्हणाल्या, आणि नात घाम पुसायला वाकलेली असतानाच त्यांनी चेंडू मारला.